दोन हातांचें वादन : विजेच्या गिटारीवरील टॅपिंगचा अभ्यास

कोणतीही कला दुरून पाहणारास सोपी वाटते व जवळ जाणारास अवघड वाटते. परंतु तिच्या सहवासांत कांहीं काळ राहिल्यावर ती क्रमानें साध्य होणारी आहे असें समजूं लागतें. विजेच्या गिटारीवरील ज्या वादनपद्धतीस 'टॅपिंग' असें म्हणतात, तिच्या बाबतींत हें अक्षरशः खरें आहे. आमच्या शाळेंतील बरेच विद्यार्थी हल्लीं गिटार वाजवितात. मोबाईलवर नामांकित वादकांच्या चित्रफिती पाहून तसेंच वाजविण्याची हौस त्यांच्यांत उत्पन्न झाली आहे. ही हौस चांगली आहे. पण हौसेला वाट दाखविली नाहीं तर ती आडरानांत शिरते. म्हणून विद्यार्थ्यांकरितां आणि त्यांच्या पालकांकरितां हा पाठ लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

याला एक प्रसंग कारण झाला. गेल्या वर्षींच्या स्नेहसंमेलनांत नववींतील एका विद्यार्थ्यानें विजेच्या गिटारीवर अतिशय जलद असें वादन केलें. त्याचीं बोटें दिसेनाशीं झालीं होतीं. पण ऐकूं येत होता तो केवळ गोंगाट. न वाजविलेल्या ताराही घणघणत होत्या, व स्वरांस स्वर चिकटून एक लगदा झाला होता. पुढच्या रांगेंतील वडील मंडळींनीं कानांवर हात ठेविले, आणि मागच्या रांगेंतील मुलें हंसलीं. तो बिचारा वादन अर्ध्यावर टाकून आंत गेला. त्याचें वादन अगोदर न ऐकतां आम्हीं तें कार्यक्रमांत घातलें होतें. तेव्हां दोष आमच्याकडेही होता.

दुसऱ्या दिवशीं त्याचे वडील शाळेंत आले व म्हणाले, "सर, हा रोज दोन तास दार लावून बसतो, आणि बाहेर येतें तें हें! रात्रीं मनगट दुखतें म्हणून आईकडून तेल चोळून घेतो. गिटार विकून टाकावी असें मनांत आहे. तुम्ही सांगाल तसें करूं." आम्हीं त्यांच्याकडे तीन महिन्यांची मुदत मागितली. आम्हांस हार्मोनियम वाजवितां येते, गिटार येत नव्हती. म्हणून त्या मुलास आठवड्यांतून दोनदां शाळा सुटल्यावर गिटार घेऊन येण्यास सांगितलें, व दोघांनीं मिळून पहिल्यापासून आरंभ केला. त्या तीन महिन्यांत जें समजलें तेंच पुढें क्रमवार देत आहों.

वाद्याची रचना व टॅपिंगचें तत्त्व

साध्या लांकडी गिटारींत तार छेडली असतां तिचें कंपन घोडीमार्गें लांकडी पेटीस मिळतें व पेटी तो आवाज वाढविते. विजेच्या गिटारींत पेटी भरीव असली तरी चालतें. तारांच्या खालीं 'पिकअप' नांवाचा भाग बसविलेला असतो. त्यांत लोहचुंबक असून त्याभोंवतीं तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारों वेढे असतात. वरची पोलादी तार कंप पावली कीं चुंबकीय क्षेत्रांत फरक पडतो व त्या वेढ्यांत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे यांनीं १८३१ सालीं शोधून काढलेलें जें तत्त्व तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकांत शिकतां, तेंच हें. हा प्रवाह अँप्लिफायरमध्यें वाढविला जातो व कर्ण्यांतून आवाज बाहेर पडतो.

आतां टॅपिंग म्हणजे काय तें पाहूं. नेहमीच्या वादनांत डावा हात पडद्यावर तार दाबून स्वर ठरवितो व उजवा हात नखीनें तार छेडून तो स्वर उत्पन्न करितो. टॅपिंगमध्यें ही वांटणी राहत नाहीं. उजव्या हाताचें बोटही पडद्यांवर येतें व तारेवर हलकेंच पण निश्चित आघात करितें. त्या एकाच आघातानें तार पडद्यास टेंकते, म्हणजे तिची लांबी ठरते, आणि त्याच आघातानें ती वाजतेही. युरोपांत पियानोच्या पूर्वीं क्लॅव्हिकॉर्ड नांवाचें वाद्य होतें. त्यांतही पट्टी दाबली कीं पितळेचा एक लहान तुकडा तारेवर आपटे, व तोच तारेची लांबी ठरवी आणि तीस वाजवी. त्या वाद्याचा आवाज मात्र इतका नाजूक असे कीं मोठ्या दिवाणखान्यांत तो पोंचत नसे. बोटाच्या आघातानें निघणारा गिटारीचा स्वरही मुळांत असाच दुर्बळ असतो. लांकडी गिटारीवर तो क्षीण ऐकूं येतो. पिकअप व अँप्लिफायर त्यास बळ देतात. विजेच्या गिटारीवरच ही पद्धति इतकी कां फुलली, याचें कारण हें आहे.

येथेंच धोकाही आहे. जो अँप्लिफायर दुर्बळ स्वरास वाढवितो, तोच प्रत्येक चुकीचा खरखराट व शेजारच्या तारेची घणघणही तितकीच वाढवितो. आमच्या विद्यार्थ्याचें संमेलनांत जें झालें तें यामुळेंच.

ही पद्धति कशी आली

विजेची गिटार १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत बाजारांत आली. जॉर्ज बीचम यांनीं योजिलेली व ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या सहकार्यानें तयार झालेली ती पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजविण्याची, हवाई पद्धतीची होती. पुढें पिकअप बनविणारे हॅरी डिआर्मंड हे आपल्या पिकअपची संवेदनशीलता दाखविण्याकरितां बोटांच्या आघातांनीं गिटार वाजवून दाखवीत. त्यांच्यापासून जिमी वेब्स्टर यांनीं ही रीत घेतली व १९५२ सालीं तिच्यावर स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केलें. १९६९ सालीं एमेट चॅपमन यांनीं दोन्ही हातांचीं बोटें पडद्यांना समांतर ठेवून वाजविण्याची पद्धत बसविली, आणि १९७४ सालीं त्याकरितां 'स्टिक' नांवाचें निराळेंच वाद्य बाजारांत आणिलें. इंग्लंडमधील 'जेनेसिस' या वाद्यवृंदांतील स्टीव्ह हॅकेट यांनींही १९७१ च्या सुमारास टॅपिंगचा उपयोग केला होता.

परंतु ही पद्धति जगभर पोंचविली ती एडी व्हॅन हॅलेन यांनीं. त्यांचा जन्म १९५५ सालीं हॉलंडमध्यें झाला. १९६२ सालीं हें कुटुंब अमेरिकेंत गेलें. लहानपणीं त्यांस पियानोचें शिक्षण मिळालें होतें. १९७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत 'इरप्शन' नांवाचें एकट्या गिटारीचें वादन आहे. तें पावणेदोन मिनिटांहूनही लहान आहे. पण तें ऐकून एका पिढीचे वादक चकित झाले. विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, त्या वादनांत आपली एक चूक राहून गेली आहे असें खुद्द व्हॅन हॅलेन पुढें सांगत असत. सर्व जग ज्यास निर्दोष म्हणत होतें त्यांतील दोष वाजविणाराच्या कानास ऐकूं येत होता. गिटार छातीसमोर आडवी, टेबलाप्रमाणें सपाट धरून ठेवणाऱ्या एका आधाराचें पेटंटही त्यांनीं १९८७ सालीं मिळविलें. दोन्ही हातांस पडद्यांवर मोकळेपणानें फिरतां यावें हा त्याचा हेतु. त्यांचें निधन २०२० सालीं झालें.

स्टॅन्ली जॉर्डन यांनीं तर दोन्ही हात पूर्णपणें स्वतंत्र केले. त्यांचाही आरंभ पियानोनेंच झाला होता. १९८५ सालच्या 'मॅजिक टच' या ध्वनिमुद्रिकेंत त्यांचें वादन ऐकलें तर दोन वादक वाजवीत आहेत असा भास होतो.

आपल्याकडेही या पद्धतीचें बीज अगदीं अपरिचित नाहीं. सतारवादक मिझराबीनें तार एकदां छेडून डाव्या बोटाच्या आघातानें पुढचा स्वर काढतात, त्यास 'स्पर्श' म्हणतात. आणि दाबलेलें बोट तारेवरून ओढून सोडल्यानें मागचा स्वर निघतो, त्यास 'कृंतन' म्हणतात. गिटारवादक यांनाच 'हॅमर-ऑन' व 'पुल-ऑफ' म्हणतात. सतारीवर हें काम डाव्या हाताचें. टॅपिंगमध्यें उजवा हातही त्यांत सामील होतो. पुढील पाठांत आम्ही स्पर्श व कृंतन हेच शब्द वापरूं.

पूर्वतयारी

तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर आघातास जोर लागतो व बोटें थकतात. म्हणून जाणत्याकडून त्यांची उंची बेताची करून घ्यावी. तारा फार जाड नसाव्या. आरंभीं अँप्लिफायरचा आवाज लहान ठेवावा, आणि 'डिस्टॉर्शन', म्हणजे स्वर फाडून भरदार करणारी योजना, मुळींच वापरूं नये. ती सर्व स्वरांस एकसारखा फुगवटा देते, त्यामुळें कोणता आघात कमी पडला तें कळत नाहीं. स्वच्छ आवाजांत जें बरें वाटतें तें डिस्टॉर्शनमध्यें उत्तमच वाटेल. पण याच्या उलट होत नाहीं. नखी अंगठा व तर्जनी यांत धरून मध्यमेनें आघात करावा, म्हणजे नखी खालीं ठेवावी लागत नाहीं. मेट्रोनोम अवश्य जवळ असावा. तो मोबाईलवरही मिळतो.

पाठ पहिला : डावा हात

तारा बारीक बाजूनें मोजाव्या. सर्वांत बारीक ती पहिली. दुसऱ्या तारेवर पांचव्या पडद्यावर डावी तर्जनी ठेवावी. बोट पडद्याच्या अगदीं मागें, खुंट्यांच्या बाजूस असावें. मधल्या जागेंत पडल्यास स्वर खरखरतो. आतां नखी न लावतां आठव्या पडद्यावर अनामिकेनें किंवा करंगळीनें आघात करा : हा स्पर्श. मग तेंच बोट किंचित् बाजूस ओढून सोडा, म्हणजे पांचव्या पडद्याचा स्वर वाजेल : हें कृंतन. बोट नुसतें वर उचललें तर स्वर विझतो. तें जातां जातां तारेस छेडून गेलें पाहिजे. तर्जनी मात्र जागची हलूं देऊं नये.

हे दोन स्वर सारख्या जोराचे येईपर्यंत पुढें जाऊं नये. आमच्या विद्यार्थ्यास येथेंच पहिला धक्का बसला. सहा महिने टॅपिंग करणाऱ्या त्या मुलाचे हे दोन स्वरही सारखे येत नव्हते! पहिले दोन आठवडे आम्हीं दुसरें कांहीं केलें नाहीं. तो कंटाळला, रुसलाही. पण गिटार विकली जाण्यापेक्षां कंटाळा बरा, असें त्यास वाटलें असावें.

पाठ दुसरा : उजवें बोट

डाव्या हाताचीं बोटें होतीं तेथेंच ठेवून उजव्या मध्यमेच्या टोकानें त्याच तारेवर बाराव्या पडद्याच्या लगत आघात करा. मग तें बोट थोडें बाजूस ओढून सोडा, म्हणजे पांचवा पडदा वाजेल; नंतर आठव्यावर स्पर्श करा. बारा, पांच, आठ. बारा, पांच, आठ. असें हें चक्र आहे. व्हॅन हॅलेन यांच्या वादनाचा प्रसिद्ध भाग अशाच तीन स्वरांच्या चक्रांवर उभारलेला आहे.

या स्वरांचें गणितही पाहण्यासारखें आहे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, घोडीपासून ३२४ मिलिमीटरवर येतो. लांबी निम्मी झाली म्हणून मोकळ्या तारेच्या दुप्पट कंपनें होतात. दुसऱ्या तारेवर पांचव्या पडद्याचीं दर सेकंदास सुमारें ३३०, आठव्याचीं ३९२ व बाराव्याचीं ४९४ कंपनें असतात. पांचव्या पडद्यास षड्ज मानल्यास हे स्वर सा, कोमल ग व प असे होतात.

मेट्रोनोम मिनिटास ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्यास तीन स्वर घ्यावे. ही गति लहान वाटेल. पण सेकंदास तीन स्वर, तिन्ही सारख्या जोराचे व सारख्या अंतराचे, काढणें लहान गोष्ट नव्हे. उजवा आघात नेहमीं मोठा व डावा स्पर्श लहान येतो, म्हणून चक्र लंगडत चालतें. तें लंगडणें जलद गतींत लपतें, सावकाश गतींत उघडें पडतें. पांच मिनिटें निर्दोष गेलीं तरच चार ठोके वाढवावे. चूक झाली कीं आठ ठोके मागें यावें, त्यांत लाज मानूं नये.

पाठ तिसरा : मौन

टॅपिंगमध्यें सर्वांत अवघड काय, असें आम्हांस कोणी विचारलें तर न वाजणाऱ्या तारा न वाजूं देणें, असें आम्ही सांगूं. नखीनें वाजवितांना उजवा तळवा घोडीजवळ टेंकून नको असलेल्या तारा दाबून ठेवितां येतात. उजवा हात पडद्यांवर आला कीं हा पहारेकरी आपली जागा सोडून जातो, आणि मोकळ्या तारा घणघणूं लागतात.

यास उपाय तीन. पहिला, डाव्या तर्जनीचा खालचा भाग शेजारच्या बारीक तारेस हलका टेंकवावा व तिचें टोंक वरच्या जाड तारेस लागेल असें ठेवावें. दुसरा, उजव्या हाताचा मनगटाकडील भाग शक्य तितका जाड तारांवर विसांवूं द्यावा. तिसरा, खुंट्यांजवळ पहिल्या पडद्यापाशीं तारांवर मऊ कापडाची पट्टी गुंडाळावी. मोठे वादकही असें साधन वापरतात. परंतु विद्यार्थ्यानें पहिले दोन उपाय साधल्यावरच तिसरा घ्यावा. कुबडी मोडक्या पायास हवी. चालायला शिकणाऱ्या पायास नको.

एके दिवशीं आम्हीं त्या मुलास सांगितलें, "एकच चक्र वाजव व एकदम थांब." तो थांबला, पण गिटार थांबली नाहीं, चार तारा तशाच गुणगुणत राहिल्या. तेव्हां तो आपण होऊन म्हणाला, "सर, संमेलनांत लोक हेंच ऐकत होते ना?" त्या दिवसापासून त्याच्या वादनांत खरा फरक पडूं लागला.

पाठ चवथा : स्वरसंगतीचा बदल

आतां चक्र हलवूं. सर्व दुसऱ्या तारेवरच.

पहिली चाल : डावी बोटें ५ व ८, उजवें १२.
दुसरी चाल : डावी बोटें ५ व ८, उजवें १३.
तिसरी चाल : डावी बोटें ७ व १०, उजवें १५.
चवथी चाल : डावी बोटें ८ व १२, उजवें १७.

प्रत्येक चाल चार ठोके, म्हणजे चार चक्रें वाजवून पुढच्या चालीवर जावें. पाश्चात्य संगीताच्या भाषेंत या अनुक्रमें ई मायनर, सी मेजर, डी मेजर व पुन्हां ई मायनर या स्वरसंगति आहेत. पहिल्या चालीवरून दुसरीवर जातांना एकच बोट एकच पडदा सरकतें. पण उदास वाटणारी स्वरसंगति एकदम उजळते. चवथ्या चालींत डावी बोटें चार पडद्यांच्या अंतरानें पसरावीं लागतात; तेथें करंगळी वापरावी व अंगठा दांडीच्या मागें मध्यावर घ्यावा. चाल बदलतांना बोटें तारेस घांसून जाऊं नयेत, याकडे लक्ष द्यावें.

पाठ पांचवा : दोन तारा, चार बोटें

येथून प्रगत भाग सुरू होतो. तिसऱ्या तारेवर डाव्या हातानें ७ व ९, उजव्या मध्यमेनें १२ व अनामिकेनें १४ हे पडदे एकामागून एक आघातानेंच वाजवावे. मग दोन्ही हात दुसऱ्या तारेवर नेऊन डाव्यानें १२ व १५, उजव्यानें १७ व २० वाजवावे. नवव्या पडद्यास षड्ज मानल्यास कोमल नि, सा, कोमल ग, म, प, कोमल नि, वरचा सा व वरचा कोमल ग अशी ही चढती ओळ होते. आपल्या संगीताची ओळख असणारांस यांत धानी रागाचे पांच स्वर सांपडतील.

या पाठांतील कठीण जागा म्हणजे तार बदलल्यावरचा पहिला स्वर. दुसरी तार तेव्हां शांत असते. तिच्यावर डाव्या बोटानें, नखीच्या मदतीशिवाय, शून्यांतून स्वर काढावयाचा असतो. त्या एका आघाताचाच निराळा अभ्यास करावा. उजव्या अनामिकेचेंही तसेंच. ती स्वभावतः दुर्बळ असते व मध्यमेच्या ओढीनें चालते. रोज पांच मिनिटें तिला एकटीलाच काम द्यावें.

गिटारीच्या शेजारशेजारच्या तारांत पांच पडद्यांचें अंतर असतें. केवळ तिसरी व दुसरी यांत चार पडद्यांचें. त्यामुळें एका तारेवर बसविलेली बोटांची रचना पुढच्या तारेवर तशीच बसत नाहीं. ही अडचण टाळण्याकरितां स्टॅन्ली जॉर्डन सर्व तारा पांच पांच पडद्यांच्या अंतरानें लावतात. विद्यार्थ्यांनीं मात्र नेहमींचीच लावणी ठेवावी, नाहीं तर शिकलेलीं इतर गाणीं हातचीं जातील.

पाठ सहावा : घंटेचे स्वर व दोन स्वतंत्र हात

डाव्या बोटानें दुसऱ्या तारेचा पांचवा पडदा दाबून ठेवून ती तार छेडा, आणि उजव्या बोटानें सतराव्या पडद्याच्या धातूवरच, क्षणभर, तापलेल्या तव्यास बोट लावावें तसा आघात करून बोट काढून घ्या. तार दाबली जातां कामा नये. सुरुवातीच्या स्वराच्या वरच्या सप्तकांतील घंटेसारखा स्वर निघेल. दाबलेल्या पडद्याच्या बारा पडदे पुढें असा आघात केल्यास एक सप्तक वरचा स्वर, सात पडदे पुढें केल्यास एक सप्तक व वर पंचम, आणि पांच पडदे पुढें केल्यास दोन सप्तकें वरचा स्वर मिळतो. तार आपल्या लांबीच्या निम्म्या, तिसऱ्या व चवथ्या हिश्श्यावर स्पर्शिली असतां ती दोन, तीन व चार भागांत कंप पावते, हें त्याचें कारण.

शेवटची पायरी म्हणजे दोन स्वतंत्र हात : डाव्यानें जाड तारांवर संथ खर्जाची साथ व उजव्यानें बारीक तारांवर गीत. आपली हार्मोनियम एका हातानें वाजते, कारण दुसरा हात भात्यावर असतो. पियानोवर दोन्ही हात मोकळे असतात. टॅपिंगचे मोठमोठे वादक पियानो शिकलेले कां निघावे, हें यावरून समजण्यासारखें आहे. डावी चाल इतकी पाठ करावी कीं ती वाजवितांना सहज बोलतां यावें. त्यानंतरच उजवा हात वर आणावा. या पायरीस महिने लागतात, कित्येकांस वर्षें लागतात.

शरीराची काळजी

पालकांनीं हा भाग अवश्य वाचावा. आमच्या विद्यार्थ्याचें मनगट कां दुखत होतें? तो गिटार फार खालीं लोंबती ठेवी, त्यामुळें डावें मनगट काटकोनांत वांके. आणि स्वर येत नाहीं म्हणून तो जोरानें आघात करी. आम्हीं प्रथम त्यास डॉक्टरांकडे पाठविलें. त्यांनीं दोन आठवडे विश्रांति सांगितली. तेवढा काळ आम्हीं बोटें सोडून टाळ्यांनीं लय घोटली. नंतर पट्टा आंखूड केला, बसून व उभें राहून गिटार एकाच उंचीवर राहील असें केलें, व पंधरा मिनिटें वादन आणि पांच मिनिटें विसांवा असा नियम घातला. आघातास जोर नको, नेमकेपणा हवा. बोट फार उंच उचलूं नये. दुखूं लागलें कीं थांबावें. दुखण्यावर मात करून वाजविणें हें शौर्य नव्हे. अँप्लिफायर कानाशीं मोठा लावून बसणेंही तितकेंच घातक आहे. बोटाचें दुखणें कळतें, कानाची झीज कळत नाहीं.

समारोप

तीन महिने पूर्ण झाले त्या दिवशीं आम्हीं त्याच्या वडिलांस शाळेंत बोलाविलें. श्रोते आम्ही दोघेच. मुलानें चवथ्या पाठांतील चार चाली मिनिटास ७२ ठोक्यांच्या गतीनें चार वेळां वाजविल्या व शेवटीं तारांवर हात ठेविला. वर्गांत खरोखरच शांतता झाली. संमेलनांतल्यापेक्षां ही गति कितीतरी कमी होती. वडील थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "सर, संगीत मला कळत नाहीं. पण आज मला एकेक स्वर मोजतां आला." गिटार विकली गेली नाहीं. ती अजून त्यांच्या घरीं आहे, आणि दार आतां उघडें असतें, असें त्या मुलाची धाकटी बहीण आम्हांस सांगते.

विद्यार्थी मित्रहो, जलद वाजवितां येणें हें फळ आहे, बीज नव्हे. तुमच्या दोन हातांत एक बळकट व एक दुबळा असतो. बळकटाचा जोर दाखविण्यापेक्षां दुबळ्यास बरोबरीस आणणें हाच टॅपिंगचा खरा अभ्यास. ज्या तारा वाजवावयाच्या नाहींत त्या शांत ठेवण्यास जो शिकला, त्याच्या वाजणाऱ्या तारा लोक आपण होऊन ऐकतात. आणि पालकहो, मुलाच्या खोलींतून गोंगाट ऐकूं आला तर गिटारीवर रागावूं नका. आंत जा, शेजारीं बसा, आणि एवढेंच म्हणा, "हेंच जरा सावकाश वाजवून दाखव पाहूं."